चार आट्यांचा भरवसा

गाडी व्यवस्थित चाललेली असते. मागे ट्रेलर जोडलेला, समोर चढ, ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवर. अचानक बॉनेटखालून धाडकन आवाज येतो आणि पाठोपाठ इंजिनाच्या तालावर फट-फट-फट सुरू होतं. गंमत म्हणजे गाडी बंद पडत नाही. आठातली सात सिलिंडर इमानेइतबारे काम करत राहतात. आठवं मात्र दर दाबाच्या फेरीला पेट्रोल आणि हवेचं कच्चं मिश्रण बॉनेटखाली फेकत असतं. पेट्रोलचा वास येतो, ओढ कमी होते. ड्रायव्हर गाडी कडेला घेतो, बॉनेट उघडतो, तर एका सिलिंडरचा स्पार्क प्लग जागेवरच नसतो. प्लगच्या डोक्यावर बसवलेली इग्निशन कॉइल मोडून वायरीला लोंबकळत असते आणि तिच्या रबरी टोपीत प्लग अडकलेला असतो.

फोर्ड कंपनीच्या १९९७ नंतरच्या पिकअप आणि व्हॅनच्या मालकांना हे दृश्य चांगलंच परिचयाचं आहे. अमेरिकेत पिकअपलाही ट्रकच म्हणतात आणि फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून तिथला सर्वाधिक खपणारा ट्रक आहे. या मालिकेतल्या एफ-१५० ला १९९७ च्या मॉडेलपासून ‘ट्रायटन’ नावाची नवी पेट्रोल इंजिनं मिळाली: ४.६ आणि ५.४ लिटरची आठ सिलिंडरची. मोठ्या गाड्यांसाठी ६.८ लिटरचं दहा सिलिंडरचं भावंडही आलं. इंजिनं दणकट होती, लाखो किलोमीटर चालत. पण दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेल्या या पिढीत एक खोट राहून गेली. ॲल्युमिनियमच्या सिलिंडर-हेडमध्ये प्लगला धरून ठेवणारे आटे सुरुवातीच्या हेडांत जेमतेम चार होते.

आपल्याकडचा वाचक इथे अडखळेल, कारण आपला ट्रक डिझेलवर चालतो आणि डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतोच. तिथे हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. अमेरिकेत मात्र हलके आणि मध्यम ट्रक मोठ्या प्रमाणावर पेट्रोलवर चालतात. आणि आता आपल्याकडेही सीएनजीचे ट्रक आणि टेम्पो रस्त्यावर आहेत. गॅस दाबून आपोआप पेटत नाही, त्याला ठिणगी लागते, म्हणून त्या इंजिनांना प्लग असतात. तेव्हा ही गोष्ट अमेरिकेतली असली तरी तिच्यातला धातू आणि त्याचे गुणधर्म पुण्यातही तेच आहेत.

प्लगचे आटे बहुतेक ठिकाणी एकाच मापाचे असतात: १४ मिलिमीटर व्यास, आणि एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंत सव्वा मिलिमीटर. चार आटे म्हणजे सगळी मिळून पाच मिलिमीटर पकड. आता या पकडीवर किती भार येतो ते पाहू. पूर्ण ताकदीने खेचणाऱ्या पेट्रोल इंजिनात स्फोटाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या ५० ते ६० पट होतो. १४ मिलिमीटर व्यासाच्या छिद्राचं क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटरच्या थोडं वर भरतं. गुणाकार केला तर प्लगला बाहेर ढकलणारा जोर ९० किलोच्या आसपास निघतो. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर हा धक्का प्रत्येक प्लगला मिनिटाला १,००० वेळा बसतो.

हा आकडा ऐकून वाटतं, चार आटे उपटले जाणारच. पण तसं होत नाही. ॲल्युमिनियमच्या चार आट्यांना ९० किलो हा काही फार मोठा भार नाही. शिवाय नीट कसलेला प्लग आपल्या बैठकीवर काहीशे किलोच्या जोराने दाबून बसलेला असतो. जोवर हा दाब स्फोटाच्या धक्क्यापेक्षा बराच जास्त आहे, तोवर आट्यांना धक्का जवळजवळ जाणवतच नाही. त्यांच्यावरचा ताण एकसारखा राहतो आणि धातूला एकसारखा ताण सहज सोसतो. प्लग ढिला झाला की मात्र सगळं उलटतं. मग दर स्फोटाला तो आट्यांमधल्या फटीत वर आदळतो आणि पुन्हा खाली बसतो. किडलेला दात नाही का, पक्का असेपर्यंत सुपारी फोडतो आणि एकदा हलायला लागला की पोळीच्या तुकड्यानेही निसटतो, तसंच. मऊ ॲल्युमिनियमच्या आट्यांचे माथे हळूहळू ठोकले जातात, फट वाढते, फट वाढली की ठोका जोरात बसतो. प्लग उडतो ती या सगळ्याची शेवटची घटका. आटे त्याच्या कितीतरी आधीच मेलेले असतात. मला विचाराल तर ट्रायटनचा दोष ‘आटे कमी’ एवढ्यावर आटोपणं अर्धवट आहे. कमी आट्यांमुळे ढिलाईला माफी उरली नाही, हा खरा दोष.

ढिलाई येते कुठून? तिथे हातही दोषी आणि उष्णताही दोषी. या इंजिनांच्या प्लगला वॉशर नसतो. त्याचं अंग खाली निमुळतं होत जातं आणि हेडमधल्या तशाच निमुळत्या बैठकीत ते टेकतं. वॉशरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा फेरा कसावा लागतो. निमुळत्या बैठकीच्या प्लगला फेऱ्याचा सोळावा हिस्सा पुरतो. इतक्या थोड्या फिरवण्यात बरोबर आणि चूक यांतलं अंतरही थोडंच. त्यात आधीच्या पुस्तिकांत कसण्याचं माप बेताचंच, २० न्यूटन-मीटरच्या आतबाहेर, दिलेलं होतं. आट्यांना जपायचं म्हणून ते माप ठेवलं असावं, पण त्याने प्लग सुटायलाच मदत झाली. पुढे अनुभवाने शहाणे झालेले मेकॅनिक ३४ च्या आसपास कसू लागले आणि फोर्डनेही नंतरच्या हेडमध्ये आटे वाढवले.

उष्णतेचं काम सावकाश चालतं. ॲल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. हेड ॲल्युमिनियमचं आणि प्लगचं अंग पोलादाचं, त्यामुळे गाडी सुरू करून तापवली की दोघांचं जमणं बदलतं आणि थंड झाली की पुन्हा पहिल्यासारखं होतं. मात्र हे ‘पहिल्यासारखं’ अगदी तंतोतंत नसतं. दर वेळी केसाच्या अंशाइतका धातू बसतो, सरकतो. वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ हेच चाललं की कसलेला प्लग कसलेला राहत नाही. वास्तविक प्लगला कोणी हातच लावलेला नसतो, आणि म्हणूनच मालकाचा यावर विश्वास बसत नाही.

बाकी ठिकाणी आटे मरतात ते बहुधा माणसाच्या हातून. प्लग वाकडा लावला आणि पान्याने जोर दिला की पोलादाचे आटे ॲल्युमिनियममध्ये स्वतःची नवी वाट कापतात. गरम हेडमधून प्लग काढला तर त्याला चिकटून आट्यांचे तुकडे बाहेर येतात. प्लगची लांबी चुकली आणि एखाद-दोन आटे ज्वालेत उघडे राहिले तर त्यांच्यावर कार्बन साचतो, आणि काढताना तोच कार्बन हेडचे आटे खरवडत निघतो. आणि आट्यांना वंगण लावून मूळच्याच मापाला प्लग कसला तर घर्षण कमी असल्यामुळे तो मापाबाहेर ताणला जातो. काही प्लग-उत्पादक आपल्या मुलामा दिलेल्या प्लगला वंगण लावू नका असं सांगतात ते याचसाठी.

महाराष्ट्रातल्या चाळिशीपुढच्या वाचकाला हे सगळं स्कूटरवरून माहीत आहे. टू-स्ट्रोक स्कूटरचा प्लग तेलाने काळा व्हायचा, तो काढून घासून परत लावणं हा घरोघरचा कार्यक्रम. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग तोच १४ मिलिमीटरचा, आणि पाना टूलकिटमधला. शेवटी एक दिवस प्लग नुसताच गोल फिरायला लागायचा. मग गॅरेजवाला म्हणायचा, ‘आटे गेले, बुश मारावा लागेल,’ आणि हेड काढून लेथवाल्याकडे पाठवायचा. पितळी किंवा लोखंडी बुश बसून हेड परत यायचं. स्कूटरचं हेड चार नटांवर असतं, पाच मिनिटांत निघतं. ट्रायटनची अडचण इथेच आहे. त्याचं हेड काढायचं म्हणजे टायमिंग चेन, मॅनिफोल्ड, पाइप असं सगळं उघडायचं, आणि अमेरिकेत तासाच्या मजुरीवर हा हिशेब हजारो डॉलरपर्यंत जातो. बराच काळ कंपनीचं अधिकृत उत्तर हेच होतं: हेड बदला. एका छिद्रातल्या पाच मिलिमीटर धातूसाठी अख्खं हेड. ग्राहकांना ते पटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग गॅरेजवाल्यांनी हेड न काढता, गाडीतच, नवे आटे बसवायचे मार्ग पत्करले. त्यांतला सगळ्यांत जुना आणि स्वस्त मार्ग म्हणजे हेलिकॉइल. स्टेनलेस स्टीलच्या तारेची ही एक स्प्रिंग. तारेचा छेद मात्र गोल नसून चौकट पत्त्याच्या आकाराचा. मेलेले आटे काढून छिद्र जरा मोठं करायचं, खास मापाच्या टॅपने त्यात नवे आटे पाडायचे आणि ही स्प्रिंग त्यात फिरवत उतरवायची. तारेची बाहेरची धार हेडच्या नव्या आट्यांत बसते, आतली धार प्लगसाठी मूळ मापाचे आटे तयार करते. स्प्रिंग छिद्रापेक्षा किंचित मोठी असते, म्हणून फुगून आपली आपण धरून राहते. ही काही तात्पुरती मलमपट्टी नव्हे. लायकमिंगसारख्या विमानांच्या इंजिनांत प्लगच्या छिद्रात हेलिकॉइल कारखान्यातच बसवलेली असते, आणि ती इंजिनं आकाशात चालतात.

तरीही ट्रायटनसाठी ती मला कमी पडणारी वाटते. विमानाच्या सिलिंडरला हेलिकॉइल कारखान्यात, सरळ धरून, भरपूर धातूत बसते. ट्रायटनमध्ये धातू मुळातच कमी. ढिलाईचे ठोके सुरू झाले की प्लगबरोबर स्प्रिंगच बाहेर यायला लागते. प्लग काढताना तर ती कधीकधी त्याच्या अंगाला गुंडाळून येते आणि मेकॅनिकला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसरा मार्ग अखंड बुशाचा, आणि टाइम-सर्ट हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव. पातळ भिंतीची, आतून-बाहेरून आटे असलेली ही पोलादी नळी. वरच्या टोकाला तिला कॉलर असते, आणि ती बसावी म्हणून हेडमध्ये आधी तेवढाच खळगा कापतात. म्हणजे बुश खाली सरकू शकत नाही. वर सरकू नये याची योजना जास्त हुशार आहे. बुशाच्या आतले तळाचे काही आटे मुद्दाम अर्धवट ठेवलेले असतात. बुश जागेवर बसला की तेल लावलेलं एक हत्यार त्यातून फिरवत खाली नेतात. ते अर्धवट आटे पूर्ण करतं, पण धातू कापून नाही, दाबून. दाबलेला धातू बाहेरच्या बाजूला फुगतो आणि हेडच्या ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतो. हाताला हे स्पष्ट कळतं: हत्यार आधी सहज फिरतं, मग एकदम जड होतं, आणि रेटत नेलं की पुन्हा हलकं होतं. हलकं झालं की बुश पक्का झाला. ज्याने हे काम केलं आहे तो डोळे मिटून सांगेल बुश बसला की नाही.

कॅलिफोर्नियातल्या टरलॉक गावची लॉक-एन-स्टिच ही तडे गेलेलं बिडाचं ओतीव काम टाके घालून जोडण्यासाठी नावाजलेली कंपनी. तिनेही या छिद्रासाठी बुश आणि हत्यारांचा संच काढला. २००७ साली फोर्डने आपल्या विक्रेत्यांना पाठवलेल्या तांत्रिक पत्रकात या पद्धतीने दुरुस्ती करायला मान्यता दिली आणि हेड बदलण्याचा आग्रह सुटला. प्लग उडायला लागून तोवर बरीच वर्षं झाली होती.

बुश कुठला हा प्रश्न मोठा नाही, असं माझं मत. तो बसवायचा कसा, कुठे आणि काय आत पडू न देता, यात या कामाची खरी परीक्षा आहे. प्लग सपाटीवर नसतो. एका खोल, अरुंद विहिरीच्या तळाशी असतो. मागची सिलिंडरं तर काचेखालच्या पत्र्याच्या पोटात गेलेली, तिथे नजर पोचत नाही, लांब एक्स्टेन्शन लावून आरशात बघत काम करायचं. आणि छिद्र मोठं करणारा रीमर, टॅप, खळग्याचा कटर हे तिन्ही एकाच अक्षावर उतरले पाहिजेत. इथे निमुळती बैठक पुन्हा आडवी येते. छिद्र जरा तिरकं झालं तर प्लग एका बाजूलाच टेकतो, दुसरीकडून गॅस गळतो, आणि गळणारा तापलेला गॅस बैठक कोरत जातो. म्हणून चांगल्या संचातल्या हत्यारांना मार्गदर्शक दांडा असतो आणि चांगला मेकॅनिक पहिले दोन फेरे अगदी सावकाश देतो.

मग चुरा. टॅप कापताना निघणारी ॲल्युमिनियमची कात खाली सरळ पिस्टनच्या माथ्यावर पडते. लोखंड असतं तर चुंबकाने उचललं असतं. ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही. सिलिंडरच्या भिंतीला आणि रिंगांना ती कात महागात पडू शकते. म्हणून टॅपच्या खोबणी ग्रीसने गच्च भरतात, म्हणजे कात त्याला चिकटते. अर्ध्या-एक फेऱ्याला टॅप बाहेर काढायचा, पुसायचा, नवं ग्रीस भरायचं आणि परत उतरवायचा. घाई करणाऱ्याला हे काम जमत नाही. हत्यार पिस्टनला लागू नये म्हणून पिस्टन आधीच खाली नेऊन ठेवतात. शेवटी व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून सिलिंडरचा तळ चाटूनपुसून काढायचा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहील अशा स्थितीत इंजिन हाताने फिरवून ठेवलं आणि हवा मारली तर उरलेला चुरा सायलेन्सरच्या वाटेने निघून जातो. मग कॅमेऱ्याची नळी आत घालून बघायचं. ही नळी पूर्वी फक्त मोठ्या वर्कशॉपमध्ये असे, आता मोबाइलला जोडायची स्वस्तात मिळते, आणि या दुरुस्तीसाठी ती चैन नाही.

नवे आटे तयार झाले की प्लग पान्याने लावायचा नाही. रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्यायचा, त्यात प्लगचं चिनी मातीचं टोक खुपसायचं आणि नळी बोटांत फिरवत प्लग खाली उतरवायचा. आटे बरोबर लागले तर प्लग सुरसुर आत जातो. वाकडे लागले तर नळीच घसरून फिरते, कारण आटे चिरडायची ताकद रबरात नसते. सगळ्या हत्यारांत हे सर्वांत स्वस्त आणि माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी. मग टॉर्क पान्याने मापाला कसायचा. इंजिन थंड असतानाच.

एक जोखीम मात्र बुशाबरोबर येते. प्लगची उष्णता हेडमध्ये जाते ती बैठकीतून आणि आट्यांतून. मध्ये वेगळ्या धातूचा थर आला आणि तो नीट टेकला नाही तर प्लगचं टोक जास्त तापतं, आणि फार तापलेलं टोक ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकतं. बुश सर्वांगाने टेकून बसला असेल तर रोजच्या वापरात फरक जाणवू नये. सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनांत प्लगला अधिक उष्णता सोसावी लागते आणि ठिणगीला अधिक व्होल्टेज लागतं, तिथे ही बारकाई जास्त सांभाळावी लागेल.

फोर्डची पुढची पिढी दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्हची आली. २००४ च्या एफ-१५० पासून ती दिसू लागली. प्लग उडण्याचा प्रश्न मिटला, पण नवा उभा राहिला. या पिढीच्या प्लगचं लांब टोक दोन तुकड्यांचं होतं. त्याभोवती कार्बन घट्ट बसायचा आणि प्लग काढायला गेलं की वरचा भाग हातात, खालचं टोक हेडमध्ये. मेकॅनिक यावर चिडून म्हणायचे की जुनं इंजिन प्लग ठेवायला तयार नव्हतं आणि नवं द्यायला तयार नाही.

प्लग उडालेल्या ट्रायटनचं एक छिद्र दुरुस्त झालं की मालक विचारतो, बाकीच्या सातांचं काय? काही गॅरेजं आठही छिद्रांत बुश बसवायचा सल्ला देतात. मी देणार नाही. शाबूत आटे कापून तिथे बुश बसवणं म्हणजे प्रत्येक छिद्रात चुरा पडण्याची आणि तिरकं जाण्याची जोखीम नव्याने घेणं. त्यापेक्षा थंड इंजिनात सातही प्लग एकेक करून काढावेत, कॅमेऱ्याने आटे बघावेत, शाबूत असतील तर रबरी नळीने परत लावून नव्या मापाला कसावेत, आणि काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा थंड असताना पाना लावून बघावा. एखादा प्लग त्या मापाच्या आत सहज फिरला, तर त्या छिद्राचा बुश मागवायची वेळ आली.